ज्याले जोडा नही

बूट घालून आंघोळ करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की पहिलीवहिली नोकरी मला त्याच्याच हाताखाली मिळाली. बूट म्हणजे साधेसुधे नव्हेत हं. घोट्याच्या वर येणारे, नाड्यांचे, काळेभोर, एरंडेल चोपडून चोपडून मऊ केलेले. आंघोळीचा जोड वेगळा, शेतात जायचा वेगळा आणि साहेबलोक येणार असले की घालायचा वेगळा. झोपताना बूट पलंगाखाली ठेवायचे नाहीत, पलंगावर ठेवायचे. पायथ्याशी, मच्छरदाणीच्या आत.

"बुटांनाही डास चावतात का हो?" मी एकदा न राहवून विचारलं.

"विंचू शिरतो," ते शांतपणे म्हणाले. "आणि माझे बूट गेले की मी गेलो."

हे डॉक्टर कोकणातले, शिकलेले पुण्यात, आणि नोकरीला एका सातासमुद्रापलीकडच्या आरोग्य मंडळाच्या. देशोदेशी जाऊन गोरगरिबांच्या पोटातले जंत शोधायचे, हे त्या मंडळाचं काम. त्याचं एक ठाणं आमच्या नंदुरबारला पडलं. डॉक्टरांना अहिराणीचं अक्षर कळत नव्हतं, म्हणून दुभाषा पाहिजे होता. मी गावातलाच, घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजीत मॅट्रिकला आपटलेला. म्हणजे तिन्ही भाषा बेताच्या. मला लगेच घेतलं.

मुलाखत म्हणजे काय, तर डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाय बघू," म्हणाले. मी घाबरून चपला काढायला लागलो तर ओरडले, "काढू नका! काढता काय? घातलेल्या आहेत हेच बघायचं होतं." झालं, नोकरी लागली. पुढे कितीतरी दिवस ते मला चेहऱ्यानं ओळखत नसत. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटका होता, त्यावरून ओळखत. तो मी शिवून घेतला त्या सकाळी मला म्हणाले, "आपण कोण?"

त्यांचं सगळ्यांच्या बाबतीत हेच. कुणी नमस्कार केला की यांची मान खाली. समोरच्याला वाटायचं केवढा विनयशील माणूस आहे. विनय कसला डोंबलाचा! पाय बघत असायचे.

आता कामाचं सांगतो, पण जेवत असाल तर नंतर वाचा. आम्ही गावात जायचो आणि घरोघरी पत्र्याच्या लहान डब्या वाटायचो. सकाळी त्या भरून परत घ्यायच्या. कशानं भरून, ते मी लोकांना अहिराणीत समजावून सांगायचं. ते सांगताना माझ्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या, बाया पदर तोंडाला लावून घरात पळायच्या आणि पोरं लोळून लोळून हसायची. काही डब्या रिकाम्या यायच्या. काहींत गाईचं शेण. "आमनं कसाले नेतस? गायनं पवित्र ऱ्हास," असं एका म्हातारीनं मला बजावलं. एका घरानं तर गूळ भरून दिला, सरकारी माणूस म्हटल्यावर काहीतरी गोड द्यावं म्हणून.

त्याच सुमारास घरचे माझ्यासाठी मुली बघत होते. मुलीचा बाप विचारायचा, "मुलगा काय करतो?" वडील छाती फुगवून सांगायचे, "परदेशी मंडळात आहे." "हो, पण करतो काय?" इथे वडील पाणी प्यायला उठायचे. दोन स्थळं त्या पाण्यातच वाहून गेली.

डॉक्टरांना मात्र या कामाची काडीची लाज नव्हती. जंताला ते जंत म्हणत नसत, जावई म्हणत. काचेच्या बरणीत दारूमध्ये बुडवलेले बारीक पांढरे दोऱ्यासारखे किडे त्यांनी जपून ठेवलेले होते. गावात चावडीसमोर ती बरणी उंच धरायची आणि सुरू करायचं: "मंडळी, हे जावईबापू. हे आगंतुक येतात. कुठून येतात? दारातून नाही. उघड्या पायाच्या कातडीतून येतात. ओल्या मातीत दबा धरून बसतात, तुम्ही पाय ठेवला की आत शिरतात. मग पोटात मुक्काम ठोकतात, फुकट बसून रक्त पितात आणि जायचं नाव घेत नाहीत!" मी हे अहिराणीत केलं की सासरे लोक टाळ्या पिटायचे. जावई लोक उठून जायचे. एका गावात तर सासुरवाडीला आलेला एक जावई बिचारा जेवण टाकून निघून गेला आणि त्याची समजूत काढायला मला विसरवाडीपर्यंत बैलगाडीनं जावं लागलं.

प्रकाशा या तीर्थाच्या गावी गेलो की तापीच्या घाटावर यांचं आणि पुजाऱ्याचं ठरलेलं भांडण. देवळात जायचं तर बूट काढायला हवेत. हे काढणार नाहीत. पायरीखाली उभे राहून हात जोडायचे.

"अहो, देवापुढं तरी!" पुजारी हातवारे करायचा.

"देवाची काही तक्रार नाही," डॉक्टर म्हणायचे. "पण तुमच्या या ओल्या फरशीवर रोज किती उघडे पाय येतात, ते देवाला माहीत आणि मला माहीत."

पुजारी आधी चिडायचा, नंतर नंतर स्वतःच पानावर प्रसाद घेऊन खाली यायला लागला. गावात तोवर यांचं नाव पडलंच होतं. गाडी दिसली की पोरं बोंबलायची, "हाऊ बूटडाक्टर ऊना!"

प्रकाशाच्या जवळच्याच एका गावात पाटलांकडे आमचा मुक्काम असायचा. भरलं घर, दाराशी बैलजोड्या, केळीची बाग, दूधदुभतं. घरात पाटलांचं चालायचं, आणि पाटलांवर त्यांच्या काकांचं. या काकांना सगळं गाव आबा म्हणे. सत्तरीचे, विधुर, पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या, आणि दिवसभर ओट्यावर बसून कोण कसं चालतं, कोण कसं बोलतं यावर नजर. आबा खाकरले की पाटील उभे राहायचे.

पहिल्या मुक्कामालाच डॉक्टर दूध पिता पिता उठले आणि चुलीकडच्या भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. भिंत मातीची, पांढऱ्या मातीनं सारवलेली. कोपऱ्यात एका ठिकाणी खरवडून खरवडून खळगा पडला होता.

"पाटील," डॉक्टर म्हणाले, "तुमची भिंत कोण खातं?"

मला वाटलं आता नोकरी गेली. दुसऱ्याच्या घरात बसून असं बोलतात का! पाटील म्हणाले, "उंदरं व्हतीन, डाक्टरसाहेब."

"उंदीर उभ्यानं खातात का? हा खळगा माणसाच्या छातीइतक्या उंचीवर आहे. नखांच्या खुणा आहेत. घरात माती खाणारं कोण आहे?"

आतून बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या. मग पाटलीणबाईंनीच सांगून टाकलं, धाकट्या सुनेला ती खोड आहे. आणि एवढंच नाही. "कामनी चोर शे ती. दोन घागरी लयनी का धाप लागस. बसनी का बसनीच."

सुनेला बाहेर बोलावलं. एकोणीस-वीस वर्षांची पोर, डोक्यावर पदर, मान खाली. डॉक्टरांनी तिचा हात उलटा करून तळवा बघितला, खालची पापणी ओढून बघितली. मीही बघितली. आत लालीचा मागमूस नाही, नुसती पांढरी फटक. तिची दोन मुलं जन्मताच गेली होती, हे नंतर कळलं. गाव म्हणे तिला कुणाची तरी नजर लागली आहे.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो खानदेशी, हिच्या अंगात रक्त उरलेलं नाही. लहानपणी मीही माती खायचो, म्हणून मला भिंती दिसतात. हिला आणखी एक बाळंतपण असंच आलं तर ही त्यातून उठणार नाही. हे यांना नीट सांगा. पाणी घालून सांगू नका." मला खानदेशी हेच नाव त्यांनी ठेवलं होतं.

मी सांगितलं. पाटील वाईट माणूस नव्हते, ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. औषध द्या म्हणाले. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, वरून जुलाबाचं मीठ दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला गेलो तर पोरीच्या गालावर जरा रंग दिसला. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टर डबी तपासून भिंगावरून उठले तेच चडफडत.

"जुने जावई गेले, नवे आले! ही जाते कुठल्या वाटेनं?"

वाट म्हणजे परसातून केळीच्या बागेमागं जाणारी, जिथं घरच्या बायका पहाटे तांब्या घेऊन जायच्या. पाटाचं पाणी झिरपून बारमाही चिकचिक. डॉक्टरांनी ती लांबूनच बघितली आणि डोक्याला हात लावला. "पाटील, सुनेच्या पायात जोडा पाहिजे. चप्पल नाही, बंद जोडा. औषध मी जन्मभर देईन, पण पाय उघडे असतील तर काही उपयोग नाही."

आता इथं आमच्या बाजूची रीत सांगायला हवी. घरात थोरली माणसं असली की सुनेनं त्यांच्यासमोर पायात काही घालायचं नाही. घातलेलं असलं तर काढून हातात घ्यायचं. आणि या घरात परसात जायचं तर ओट्यावरून जावं लागायचं, ओट्यावर आबा, आणि आबा तिथून हलत नसत. पाटलांनी हात जोडले. "औषध जितलं देवानं शे तितलं द्या. पन सून जोडा घालीसन आबाना म्होरे चाली? हाई कसं व्हई?"

डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. गाडीत बसून स्वतःशीच बडबडत होते. मधेच ताडकन उठून बसले. "सापडलं! एकटीनं घातला तर बेअदबी. सगळ्या गावानं घातला तर?"

झालं, खूळ डोक्यात शिरलं. मंडळाकडून मंजुरी आणली, शहाद्याच्या चांभाराला बसवून बंद जोडे करून घेतले, बायकांचे, पुरुषांचे, लहान, मोठे. सगळ्या गावाला फुकट वाटायचे. दवंडी काय द्यायची ते ठरवायला आम्ही बसलो.

मी म्हटलं, "चपला म्हणा."

"चपलेला मागून उघडं असतं."

"खेटरं?"

"खेटर शिवीत वापरतात. मी लोकांना शिवी देऊ?"

"मग वहाणा म्हणा, पायतण म्हणा, काहीही म्हणा, पण नुसतं जोडा म्हणू नका. जोडा म्हणजे आमच्याकडे नवराबायकोचाही जोडा."

"तो पुण्याकडेही असतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणून पुण्यात कुणी चांभाराकडे बायको मागायला जात नाही. जोडाच लिहा."

साहेबापुढं दुभाष्याचं काय चालणार! गावच्या जागल्याला मी शब्द पढवले. पण दवंडी देणारा तो, त्याला कोरडं बोलवत नाही. त्यानं आपलं मीठमसाला लावून चहूबाजूंच्या गावांत थाळी बडवली: "ऐका हो ऐका! ज्याले जोडा नही, त्याले बूटडाक्टर फुकट जोडा दी ऱ्हायना! विलायतना साहेब येवाव शे! बाजारना दिन पाटीलना खळामा या!"

आता लोकांचा विचार करा. अनवाणी तर सगळेच. 'ज्याला नाही त्याला' असं कोण कशाला ओरडेल? मग कुणाला नाही? विचार करणाऱ्यांनी केला. नवापूरकडच्या डोंगरात मिशनवाले गोरे लोक अनाथ मुलींची लग्नं लावून देतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं. हा डॉक्टर गोऱ्यांचा माणूस. वर्षभर गावोगाव जावयांच्या गोष्टी सांगतोय. आणि आमच्याकडे मुलीच्या बापाला देज मोजल्याशिवाय बायको मिळत नाही, त्यापायी किती बाप्ये बिनलग्नाचे राहिलेले. त्यात हा फुकट म्हणतोय.

बाजाराच्या दिवशी आम्ही खळ्यावर पोचलो, तर मी असा जमाव जत्रेतही पाहिला नव्हता. बाई औषधालाही नाही. नुसते बाप्ये. न्हालेले, डोक्याला तेल थापलेलं, मिशांना पीळ, कुणाच्या कानात अत्तराचा फाया, उसने फेटे, उसनी उपरणी. एकाच्या तर हळद माखलेल्या हातात त्याच्या आईनं बाशिंगच दिलेलं होतं.

मंडळाचे मोठे साहेब मुद्दाम मुंबईहून आलेले. ते हरखून गेले. "पादत्राणांसाठी एवढा उत्साह मी जगात कुठं पाहिला नाही," असं इंग्रजीत म्हणाले आणि त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली.

पहिला तरणाबांड गडी पुढं आला. डॉक्टरांनी सवयीनं त्याचे पाय बघितले. "याला मोठा लागेल. कसा हवा, विचारा."

मी विचारलं. तो लाजून चूर. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "साहेब, मन्ही देज देवानी ऐपत नही. जशी व्हई तशी चाली."

काय घोटाळा झालाय ते माझ्या ध्यानात आलं, पण डॉक्टरांना सांगायच्या आत गर्दी दुभंगली आणि खुद्द आबा आले. सत्तरीचे आबा! कोरं धोतर, जरीचा फेटा, मिशांना तूप. लोक बाजूला सरले. आबा डॉक्टरांपुढं उभे राहिले आणि दबक्या आवाजात, पण सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "माले बी पाहिजे. वय जास्त ऱ्हायनं तरी चाली. पन सैपाक येवाले पाहिजे."

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी काय सांगणार? मी म्हटलं, "यांनाही हवाय."

डॉक्टरांचा आनंद गगनात मावेना. ज्या म्हाताऱ्यापायी सुनेचा जोडा अडला, तोच मागायला आला! त्यांनी स्वतः निवडून एक उत्तम कातड्याचा बंद जोडा काढला आणि दोन्ही हातांनी आबांपुढं धरला. "घ्या! हा तुमचा जोडा."

आबांनी जोड्याकडे बघितलं. डॉक्टरांकडे बघितलं. "हाऊ जोडा?"

मग जे हसू फुटलं ते विचारू नका. लोक एकमेकांच्या अंगावर पडले. तो बाशिंगवाला रडायलाच लागला. मोठे साहेब फोटो काढतच होते. आबा तांबडेलाल झाले, फेटा सावरत उलट्या पावली घरी गेले, आणि लोकही पांगले. एकही जोडा गेला नाही. डॉक्टर त्या ढिगाशेजारी उभे. मी सगळा घोटाळा समजावून सांगितला तेव्हा म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात." बस, एवढंच.

संध्याकाळी माफी मागायला आम्ही पाटलांकडे गेलो. आबा ओट्यावर बसलेले, तोंड फिरवून. सून भांडी घासता घासता थांबून दम घेत होती, तो आवाज ओट्यापर्यंत येत होता. डॉक्टरांनी आबांची माफी मागितली आणि, काय माणूस पाहा, त्याच दमात पुन्हा म्हणाले, "पण सुनेला जोडा घालू द्या."

आबा उसळले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडावर कुणी हसलं नव्हतं, तो सगळा राग बाहेर आला. "डाक्टर, तुम्ही सांगतस त्या वाटवर किडा शे. मंग तुम्ही बूट काढा, नि सून जास त्या वाटथीन जाई या. किडा चावना ते मी मानसू. नही चावना ते पुन्हा जोडानं नाव लेवानं नही!"

मी हे मराठीत केलं आणि वर माझ्या पदरचं घातलं, "डॉक्टर, चला, निघू."

डॉक्टर ओट्यावर बसले आणि त्यांनी नाड्या सोडायला घेतल्या.

त्यांचे पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. सगळ्या घरानं पाहिले. गोरेपान, मऊ, कधीच ऊन न पाहिलेले, बाळंतिणीच्या तान्ह्याचे असतात तसे. पाटलीणबाई "अगं माय!" म्हणाल्या. डॉक्टरांनी धोतर वर खोचलं आणि पाऊल जमिनीवर टेकवलं. चेहरा असा केला की निखाऱ्यावर ठेवलंय. मग परसातून, गोठ्यामागून, केळीच्या कडेनं, त्या चिकचिकीतून ते चालत गेले. खडा टोचला की "आई गं!" एकदा घसरलेच. मी काठावरून बघत होतो, हसावं की रडावं कळेना. तिथं पोचल्यावर नुसते परत आले नाहीत, मुद्दाम चिखलात पाय दाबून उभे राहिले. "चांगला वेळ द्यायला हवा त्यांना," म्हणाले.

नंतरचे दिवस आम्ही त्याच गावात. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ भिंग घेऊन स्वतःच्या पायाची बोटं बघायचे. "खाज आली का?" हा आमचा रामराम. पहिल्या दिवशी काही नाही, तर इतके हिरमुसले की चहासुद्धा घेतला नाही. जगात दुसरा कुठला डॉक्टर आजार यावा म्हणून असा देव पाण्यात घालून बसला असेल असं मला वाटत नाही. आणि मग एका सकाळी आंघोळीच्या दगडावरून आरोळी आली, "खानदेशी! खाजतंय!" ओल्या पंच्यानिशी पळत ओट्यावर गेले आणि आबांच्या नाकासमोर पाय धरला. बोटांच्या बेचक्यांत लालबुंद पुरळ.

आबांनी चष्मा लावून बघितलं. "ह्या ते चिखल्या शेतस. पावसायामा बठ्ठासले व्हतस."

"सगळ्यांना होतात!" डॉक्टर नाचले. "तेच तर मी वर्षभर ओरडतोय! हाच त्याचा दरवाजा!"

पण आबा आबाच. चिखल्या कुणाला होत नाहीत, म्हणाले. पोटात किडा दाखवा.

त्यालाही आम्ही थांबलो. मंडळाचं बोलावणं आलं, डॉक्टर गेले नाहीत. औषध घ्या म्हणून मी हातापाया पडलो, घेतलं नाही. "घेतलं तर दाखवू काय?" हळूहळू माणूस उतरत गेला. पोटात दुखायचं, तोंडाला चव नाही. इकडे सून तशीच, रोज ओट्यावरून अनवाणी परसात जाणारी, आणि तिला पुन्हा दिवस गेले आहेत की काय अशी बायकांत कुजबुज सुरू झालेली. आता डॉक्टरांची झोप उडाली.

शेवटी एका सकाळी आपली स्वतःची डबी हातात धरून, सगळ्या गल्लीतून, लोकांचे रामराम घेत घेत ते ओट्यावर आले. कसली लाज नाही, काही नाही. भिंगाचं यंत्र मांडलं, काचेवर घेतलं, बघितलं, आणि आबांना म्हणाले, "या."

आबा वाकले. बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले. आत पारदर्शक, लांबट, सुबक अंडी, मीही पाहिली आहेत.

"हाई तुमना पोटमधलं?" आबांनी विचारलं.

"पोट माझं," डॉक्टर म्हणाले. "परस तुमचं."

मी आजवर सांगत आलोय की म्हाताऱ्याला शास्त्र पटलं. खोटं आहे. शास्त्र नाही पटलं. आबा सरळ झाले. ते पाटलांवर ओरडले, "पाहुना मन्हा घर ऊना, नि मन्हा परसमा आजारी पडना? लोके काय म्हनतीन!" त्यांना लागलं ते हे. आपल्या दारात आलेल्या पाहुण्याच्या पोटात आपल्या परसातला किडा! असला डाग त्या घराला कधी लागला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं त्या ढिगातला बायकांचा जोडा मागवला आणि आत हाक मारली. "सूनबाई! जोडा घाल. नि मन्हा म्होरेच घाल, माले दखू दे!"

ती आली. पदर इतका पुढं ओढलेला की तिला जोडा दिसेना. डावा उजव्यात घातला, उजवा डाव्यात. पाटलीणबाईंनी बसून सरळ केला. मग ती ओट्यावरून आबांसमोरून चालली, टपटप, टपटप, आणि त्या आवाजाला घाबरून मधेच थांबली. "चाल, चाल!" आबा म्हणाले आणि त्यांनीच दुसरीकडे तोंड केलं. डॉक्टर तोवर खांबाला टेकून खाली बसले होते आणि मला खुणेनं औषधाची पेटी मागत होते.

पुढच्याच आठवड्यात अर्ध्या गावानं जोडे नेले. आबांच्या घरात चालतं तर आपल्याला काय! परसात खड्डे खणून आडोसे झाले. सुनेला डॉक्टरांनी सांभाळून सांभाळून, महिने बघून औषधं दिली. दिवस भरले त्या वेळी आम्ही नवापूरकडे डोंगरात होतो. निरोप आला, मुलगी झाली, रडते खणखणीत, आई उठून बसली. डॉक्टर माझ्याकडे पाठ करून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. त्या बांधलेल्याच होत्या.

मग युद्ध सुरू झालं आणि मंडळानं आमच्याकडचा गाशा गुंडाळला. डॉक्टरांना कुठल्या कुठे पाठवायचं ठरलं. नंदुरबारहून गाडी गाठायची होती, पण हट्टानं वाकडी वाट करून ते पाटलांचा निरोप घ्यायला गेले. आबांनी नारळ दिला, पाटलांनी उपरणं घातलं. आम्ही बैलगाडीत चढलो, गाडीवानानं कासरा ओढला, तोच घरातून सून धावत आली. कडेवर गुबगुबीत पोरगी, गाल लाल, पदर मागं पडलेला. सगळ्यांसमोर, आबांसमोर, ती थेट गाडीपाशी आली. इतक्या दिवसांत तिच्या तोंडचा एक शब्द मी ऐकला नव्हता. हातातला जोडा तिनं डॉक्टरांसमोर धरला.

"डाक्टरदादा, जोडा झिजी गया. जावाना पहिले दुसरा दी जाशात ना?"

डॉक्टरांनी तो जोडा हातात घेतला. उलटा केला. टाच पार गेलेली, तळाला आरपार भोक, कडा मातीनं काळ्या पडलेल्या. त्या भोकात त्यांनी बोट घालून बघितलं. "झिजला," म्हणाले. पुन्हा म्हणाले, "झिजला हो, खानदेशी." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मग एकदम त्यांची नजर सवयीनं खाली गेली आणि ते असे किंचाळले की बैल बुजले.

"अनवाणी आलीस? मूर्ख पोरी! आधी वर ये! वर ये गाडीत!"

ती हसत हसत लेकरासकट गाडीत चढली आणि पाय अधांतरी सोडून बसली. चांभाराला आणायला शहाद्याला माणूस पिटाळला. आमची नंदुरबारची गाडी चुकली, दुसऱ्या दिवसाचीही चुकता चुकता राहिली. पण नवा जोडा पायात चढेपर्यंत डॉक्टरांनी तिला जमिनीवर पाऊल टेकू दिलं नाही, आणि आबा ओट्यावरून ओरडत होते, "दखा रे, उतरू देऊ नका तिले!"